खंड्याचे दिवस

बाई, हॅल्सियन हा शब्द मी तुमच्याकडून शिकले, आणि तो शिकवायला तुम्ही मला पवनेवर नेलं होतंत.

पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता, बाकी सगळी शेतंच. तुम्ही सिंधमधून आलेल्या, निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत एकट्या राहायचात आणि आम्हाला इंग्रजी शिकवायचात. धड्यात तो शब्द आला, वर्गात कुणालाच अर्थ लागेना. आमचं घर नदीच्या वाटेवर, म्हणून शाळा सुटल्यावर तुम्ही माझ्याबरोबर निघालात. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर निळा पक्षी बसला आहे. तुम्ही बोट दाखवता. मी म्हणते, हा तर खंड्या. जुने ग्रीक लोक त्याला अल्क्योन म्हणत, त्यावरूनच हा शब्द, असं तुम्ही सांगता. पुढची गोष्ट मात्र आमच्या चुलीपुढे झाली, कारण आईने तुम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

एका राणीचा नवरा समुद्रात बुडाला. तिने त्याच्यामागे उडी घेतली. देवांना दया आली, त्यांनी तिचा खंड्या केला. भर हिवाळ्यात ती लाटांवर घरटं करून अंडी उबवते, तेव्हा तिचा बाप, वाऱ्यांचा राजा, सगळे वारे कोंडून ठेवतो. समुद्र हलत नाही. त्या निवांत दिवसांचं हे विशेषण.

भाकरी थापताना आईचा हात थांबला. "मग घावला का तिला नवरा?"

"मिळाला," तुम्ही म्हणालात. "तोही पक्षी झाला."

मग तुम्ही कराचीच्या धक्क्याचं सांगितलंत. घर विकून मागोमाग येतो म्हणत यजमानांनी तुम्हाला बोटीत बसवून दिलं होतं. "त्या दिवशी समुंदर एकदम शांत होता," एवढंच म्हणालात. आईने न विचारता तुमच्या ताटात आणखी भाकरी वाढली.

त्यानंतर तुम्ही रविवारचं आमच्याकडेच येऊ लागलात. आईकडून पिठलं शिकलात, मला नवे नवे शब्द दिलेत. पोस्टमन कॅम्पाकडे वळताना दिसला की तुमचं बोलणं मधेच तुटायचं. यजमान काही आले नाहीत. एका उन्हाळ्यात दीर येऊन तुम्हाला उल्हासनगरला घेऊन गेले, आणि पुढे कधीतरी कॅम्पातल्या दुकानदाराकडून तुम्ही वारल्याचं कळलं. आई त्या दिवशी जेवली नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणूनच लिहायचं धाडस करते. तुम्ही वाट पाहण्यात काढलीत ती वर्षं, बाई. निवांत, सुखाचे दिवस म्हटलं की मला तीच आठवतात.