चहा कुणी पाजायचा?

छोंगछिंग, ४ डिसेंबर १९८७

ती. आत्यास,
सुयुनचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

गिरणीतून लग्नाची रजा मिळाली. पण माझ्या या दोन शहाण्या भावांचं काय करू? छांगलिनने सॉसेजला धूर द्यायला अंगणात सरूच्या फांद्या पेटवल्या, वहिनीच्या नव्या रजयांना वास लागला, म्हणून छांगफूदादाने अंगणाच्या मधोमध भिंत घातली. आता छांगलिन म्हणतो, माझा उजेड अडला, मी कोर्टात जातो. दादा म्हणतो, जा की, फाटक कुठं आहे ठाऊक आहे ना?

आणि हेच दोघे नूडल्सचे पैसे मी देतो, मी देतो करत एकमेकांच्या बाह्या फाडायचे!

आत्या, बाबा नाहीत. पाठवणीच्या वेळी दादाने मला पाठीवर घेऊन उंबरा ओलांडायचा आणि छांगलिनने वर लाल छत्री धरायची. एक जरी आला नाही तरी मी त्या घरातून निघणार नाही. कोर्टाची पायरी चढले की संपलंच. तू वडीलधारी, त्यांना चहाघरात समोरासमोर बसवून निवाडा कर ना गं.

लोभ आहेच, तो लग्नापर्यंत आटू देऊ नकोस.
तुझी सुयुन

लिऊ पूल, ११ डिसेंबर

चि. सुयुनला अनेक आशीर्वाद.

दोघेही बसायला एका पायावर तयार झाले. चुकेल त्याने सगळ्या चहाघराला चहा पाजायचा हा रिवाज, आणि दुसराच पाजणार याची दोघांनाही खात्री! बाजाराचा दिवस ठरवलाय, म्हणजे फुकट्यांची कमी नाही.

मला मात्र झोप नाही. दोघेही अर्धे बरोबर आहेत. मी एकाला चूक ठरवलं, तर गावासमोर नाक कापलेला माणूस तुझी छत्री कसली धरतोय?

नीट जेवत जा. लोभाची काळजी नको, तो तुझ्या जन्माआधीपासूनचा आहे.
आत्या

लिऊ पूल, १७ डिसेंबर

चि. सुयुनला अनेक आशीर्वाद.

निकाल लागला, पण मी दिला नाही!

सकाळभर दोघे तावातावाने भांडले. गरम पाणी ओतून ओतून वाढप्याचा हात दुखला. शेवटी सगळे निकालासाठी माझ्या तोंडाकडे बघायला लागले. त्यात पोटात इतका चहा, की मागच्या बाजूला जाणं भागच होतं. परत येते अशी खूण म्हणून कपाचं झाकण खुर्चीवर ठेवायचं असतं, तेही घाईत विसरले.

मी उठले, म्हणजे बैठक संपली असं समजून दोघांनी सवयीने गल्ल्याकडे उडी मारली! छांगफूने छांगलिनचा हात धरला, म्हणाला, मी थोरला जिवंत असताना तू पैसे काढतोस? छांगलिन म्हणाला, धूर माझा, मग चहाही माझाच. छांगफू ओरडला, अरे पण भिंत मी घातली ना! अख्खं चहाघर हसायला लागलं, तेव्हा कुठे दोघांना आपण काय बोललो ते कळलं. छांगफूचे डोळे भरून आले. मीही रडले, लपवत नाही. बाही मात्र या वेळीही फाटलीच.

भिंत उतरवली. तिच्याच विटांचं छांगलिनच्या धुराला उंच धुराडं होतंय, आणि विटा छांगफू वाहतोय. लाल छत्री आणून ठेवलीय.

आता तुझ्या लग्नाच्या जेवणाचे पैसे कुणी द्यायचे, यावरून जुंपलीय. या भांडणात मी मध्ये पडणार नाही. तू फक्त दोघांना जाड कापडाचे सदरे आण.

उरलेला लोभ पाठवणीला देईन, रुमाल आणशील.
तुझी आत्या