डस्टर ज्याच्या हातात

मंगळवार, बारा तारीख
दुपारची सुट्टी

बाई, नमस्कार.

नव्या शाळेत तुम्ही बऱ्या असाल. आम्ही आहोत. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या ढिगावर बसून लिहितेय. तिसरीत शाळा सुटली माझी, तेव्हा अक्षराला हसू नका.

धाकटीचे पाढे बारापर्यंत झाले. तुमच्या जागी आलेल्या बाई कडक आहेत. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. मला हेच हवं होतं. तुमचं ते रोज सकाळी गोल करून बसणं, डस्टर ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, त्यात अर्धा तास जायचा. आणि पोरीला दुसरीत हातच्याची वजाबाकी येईना! डोकं फिरायचं माझं.

आता वजाबाकी येते. पण पोरगी मुकी झाली. शेजारी बसणारीचं नाव विचारलं तर म्हणे, "माहीत नाही. बोललं की उभं करतात."

रविवारी ह्यांचं-माझं जुंपलं. दोघंही एकदम ओरडत होतो. धाकटीने लाटणं आणून ह्यांच्या हातात दिलं. "आधी बाबा. आई, तू मधे बोलायचं नाही. मग तुझी पाळी."

हे म्हणाले, "हिच्या हातात लाटणं? थांब, आधी दार उघडून ठेवतो." किती दिवसांनी हसलो तिघं.

शेवटी तिने स्वतः लाटणं घेतलं. "आमच्या बाईंना कोणी घालवलं?" असं विचारलं आणि लाटणं माझ्या हातात दिलं.

मी ते घेऊन पोळ्या लाटायला वळले. बाई, तुमच्याविरुद्धच्या कागदावर पहिली सही माझी आहे. कागद मी पुरता वाचला नव्हता. अक्षर बारीक, आणि बाकीच्या आयांसमोर अडखळत वाचायची लाज वाटली. 'अभ्यास जास्त घ्या' एवढंच असेल, वाटलं. तुम्हाला वर्गावरून काढा, असं होतं त्यात.

शेवटच्या दिवशी फाटकापाशी माझा हात धरून तुम्ही म्हणालात, "तुम्ही तरी माझ्या बाजूने होतात." मी हो म्हणून मान हलवली.

घास उतरत नाही म्हटलं तर खोटं होईल, जेवते मी. पण थकलेय, बाई.

आज घरी गेल्यावर तिला सांगणार. उद्या खाडा करून मोठ्या बाईंना विचारणार, सही मागे घेता येते का. परत आलात तर आधी वजाबाकी, मग गोल. नाहीतर पुन्हा तक्रार करीन. या वेळी वाचून.

लाटणं अजून माझ्याकडेच आहे.

पहिली सहीवाली,
धाकटीची आई