टेबलातून येणारा आवाज

अण्णा, तुम्ही गेल्यावर तुमचे दोन्ही सीडी प्लेअर कुणाला द्यायचे असं आईनं विचारलं, तेव्हा मी पटकन म्हणाले, "तिला सोडून कुणालाही दे." इतकी वर्षं झाली, पण तिचं नाव निघालं की मी अजून विषय बदलते. ती म्हणजे तुमच्या शिकवणीच्या क्लासमधली, औशाकडची मुलगी. भूकंपात तिची आई गेली, घर गेलं. पुढं अकरावीला तिच्या मामानं तिला आपल्याकडं आणून सोडलं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते, गावोगावची मुलं खोल्या शोधत फिरायची. ती मात्र आपल्याच घरात राहिली, माझ्या खोलीत, माझ्या कॉटवर. मी खाली गादी घातली. तेही मी चालवून घेतलं.

चालवून घेता आलं नाही ते रविवारचं. दुपारी जेवणं झाली की तुम्ही सतारीची सीडी लावायचात. एक जुना प्लेअर आणि एक क्लासच्या कमाईतून हैदराबादहून आणलेला, चांगलाच जड. दोघांचं काम फक्त डिस्क फिरवून वाचायचं. वाचलेल्या आकड्यांचा आवाज करणारा डबा एकच, स्पीकरही तेच. तरी तुमचं म्हणणं, नव्यावर सतार मोकळी वाजते. मी बीएस्सीला फिजिक्स घेतलेलं. "अण्णा, आकडे तेच पोचले तर आवाज तोच येणार ना?" तुम्ही हसायचात. "तू पुस्तकानं ऐकतीस. जरा कानानं ऐक."

एका रविवारी तुम्ही तिला पाठमोरं बसवलंत, प्लेअरवर चादर टाकलीत आणि आलटून पालटून लावलंत. ती एकदाही चुकली नाही. तुमचा चेहरा असा फुलला की आई भांडी घासायची टाकून बघायला आली. माझ्या बारावीच्या निकालालाही तुम्ही एवढे फुलला नव्हतात. मग ती चाचरत म्हणाली, "पण सर, फरक स्पीकरमधी न्हाई. जुनं यंत्र घुरघुरतंय. टेबलातून येतंय ते." भूकंपापासून तिला असलं सगळं जाणवायचं. शेजारची गिरणी सुरू झाली तरी ती अंगणात जाऊन उभी राहायची. तुम्ही लगेच दोन्ही प्लेअर आतल्या खोलीत नेलेत, वायर दाराखालून ओढलीत, पुन्हा लावलंत.

"आता?"

"आता दोन्ही सारखेच हायत, सर."

तुम्ही कपाळावर हात मारून मोठ्यानं हसलात. "घ्या! डिस्क कशावरबी फिरू द्या, सतार तीच हाय." अण्णा, मी तरी दुसरं काय सांगत होते? माझ्याशी घातलेला इतक्या दिवसांचा वाद तुम्ही तिच्या एका वाक्यावर सोडून दिलात. मी गच्चीवर गेले आणि दोरीवरचे कपडे ओले होते तरी काढून आणले. तुमचं लक्षही गेलं नाही. तुम्ही तिला चहा विचारत होतात.

ती नांदेडला डॉक्टर झाली. तुमच्या शेवटच्या दुखण्यात तिच्याच दवाखान्यात तुम्ही होतात, आणि मी शिकवते त्या शाळेतून सुट्टी मिळेल तशी यायची. परवा नांदेडलाच एका लग्नात ती भेटली. माझा हात धरून म्हणाली, "ताई, सर दवाखान्यात सारखं सांगायचे, आमची पोरगी पहिल्यापासून बरोबर होती, मीच ऐकत नव्हतो. तुम्हाला बोलले असतीलच की."

नाही बोललात. माझं कौतुकसुद्धा तुम्ही तिच्याजवळ ठेवून गेलात. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. मांडवात बँड वाजत होता. "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं," मी म्हटलं, आणि तिनं माझ्या कानाशी येऊन सगळं पुन्हा सांगितलं. मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.