अव्वांच्या हातचं पायपुसणं

कोल्हापूर,
मंगळवार, ता. १७ ऑगस्ट १९७६

तीर्थस्वरूप सौ. अक्काताईंना, पायांवर डोकं ठेवून गिरिजाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. आजऱ्यात भाताची रोपलावण आटोपली हे वाचून बरं वाटलं. इकडे पाऊस धरून आहे, वाळत घातलेलं काही वाळत नाही. ह्यांचा खोकला कमी आहे. मी आज हापिसात रजा टाकलीय. कारण पुढे लिहिते.

तुम्ही विचारलंत, 'अव्वाचा हात दुखतोय असं कानावर आलं, खरं काय?' खरं आहे. सासूबाईंना संधिवात झालाय म्हणून शेजारीपाजारी सांगून मोकळी झाले मी. पण त्या तुमच्या आई. तुम्हाला तसं लिहायला हात धजत नाही.

आधी माझ्या दुखण्याचं सांगते, वैतागू नका. दिवसभर टाइप करून माझं मनगट आणि खांदा धरला होता. आमच्याकडे निम्म्या टायपिस्ट बायका तशाच. मे महिन्यात साहेबांनी मुंबईहून शिकून आलेल्या नाडकर्णीबाईंना हापिसात बोलावलं. त्यांच्या विद्येला व्यवसायोपचार म्हणतात. दुपारच्या सुटीत त्या खुर्चीतल्या खुर्चीत मान, खांदे, बोटं फिरवायला लावतात, आणि वर प्रत्येकीला घरी करायला हाताचं काम. "व्यायामानं सांधा सुटतो, कामानं तो सुटलेला राहतो. दोन्ही पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. मला लाकडी चौकट दिली आणि तिच्यावर चिंध्यांचं पायपुसणं विणायला सांगितलं. डाव्या हातानं ओढून धरायचं, उजव्यानं ठोकायचं, पुन्हा ओढायचं.

सुरुवातीला विणलं. मग एका संध्याकाळी कंटाळून बसले होते, तर अव्वा म्हणाल्या, "आण हिकडं. दिसभर ते मशीन बडवून येतीस, वर ह्यो जाच कशाला? माझं हात रिकामंच हाईत की."

मी हसले. म्हटलं, अव्वा, व्यायाम माझा आहे, तुम्ही करून मला कसा गुण येणार?

"न्हाय यायला काय झालं? तुझ्या नवऱ्याला टायफॉईड झालता तवा जोतिबाला अनवाणी मी गेलतो. बरा कोण झाला? त्योच न्हवं?"

दुसऱ्याचा नवस फेडता येतो, तसा दुसऱ्याचा व्यायामही! मला पटलं नाही, अक्काताई. सोयीचं मात्र वाटलं. चौकट त्यांच्याकडे गेली ती गेलीच.

पायपुसणं असं झालं की हापिसभर हातोहात फिरलं. साहेबांनी ते आपल्या दारात घातलं. गिरिजाबाईंकडून शिका म्हणाले, आणि मी मान खाली घालून लाजत उभी. नाडकर्णीबाईंनी मात्र माझा हात हातात घेतला. "दाबा जोर लावून." जोर कुठनं येणार? त्या बुचकळ्यात पडल्या. "तुम्हीच विणता ना?" "हो की," मी म्हटलं. जीभ कशी झडली नाही माझी!

मग त्या म्हणाल्या, हे काम हलकं पडतंय तुम्हाला. चिंध्यांच्या जागी काथ्याची जाड दोरी दिली. तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोलले. ती दोरी घरी आणून अव्वांपुढे ठेवली. त्या मध्येच थांबून अंगठा चोळायच्या. अंगठ्याचं बूड सुजलेलं मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी चहा पीत बसत होते.

काल श्रावणी सोमवार. अव्वा सोप्यात पूजेला बसल्या. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, वर पाणी घालायला गेल्या आणि हातच लटपटला. जन्मभर गळ्यात जपलेलं लिंग भुईवर पडलं. मी पळत गेले.

तेव्हापासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. "माझ्याकडनं काय तरी पाप घडलंय, देवानं माझा हात सोडला," एवढंच म्हणतात. हे मठात स्वामींना प्रायश्चित्त विचारायला गेलेत. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. पाप कुणाचं ते मला ठाऊक आहे, आणि मी त्यांच्यापुढे बसून नुसतं "थोडं पाणी घ्या अव्वा, थोडं पाणी घ्या" करतेय. उन्हाळ्यात तुम्ही त्यांना न्यायला आलात तेव्हा "मी हाय की, मी बघते" असं तोंड वर करून म्हणणारी मीच. लाजेनं मरावं वाटतंय.

इथवर लिहिलं आणि अव्वांनी पडल्या पडल्या विचारलं, "काय ल्हितीस एवढं?" मग राहवेना. सगळं वाचून दाखवलं. मान वर करायचा धीर झाला नाही. वाचून संपलं.

मग म्हणाल्या, "म्हंजे दोरीनं गेला व्हय हात? देव न्हाय रुसला?"

देव नाही रुसला अव्वा, माझी करणी ही, म्हटलं. तर त्या चक्क हसल्या हो! "मग आदी सांगायचं न्हाय व्हय गं? ऊठ, पूजा करू. माझ्या हाताखाली तुझा हात धर."

पूजा झाली. तांब्या त्यांना धरवेना, मीच पाणी पाजलं. पाणी पिऊन काय म्हणाल्या सांगू? "ते पत्र फाडून टाक. अक्काताई तापट हाय, उगंच तुला बोलंल."

चार शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसत नाही. उद्या त्यांना घेऊन नाडकर्णीबाईंकडे जाणार आहे, सगळं सांगणार आहे. हापिसात नाव जाईल, जाऊ दे.

पत्र फाडलेलं नाही. आत्ताच पेटीत टाकून येते. तुम्ही या, आणि अव्वा जे बोलल्या नाहीत ते सगळं मला बोला.

तुमच्या आईनं पदराखाली घेतलेली, पण त्या लायकीची नसलेली,
गिरिजा