केसांवरून कर्करोग ठरवल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
शिक्षक बदली फेरतपासणी समिती,
दुसरा मजला, खोली क्र. ११.

अर्जदार : हरिहर त्र्यंबक बारब्दे, निवृत्त अव्वल कारकून, तेल्हारा, जि. अकोला (सहायक शिक्षक केदार बारब्दे यांचे वडील).

विषय : जठराच्या दुर्मिळ कर्करोगाची तपासणी डोक्यावरून केल्याबाबत व मुलाची धारणी तालुक्यातील बदली रद्द होणेबाबत.

संदर्भ : समितीचे दि. २० मे व दि. ३ जूनचे दोन शेरे.

महोदय,

१. धारणी तालुक्यात जागा एक आणि यादीत नावे दोन : केदार बारब्दे व योगेश ठोसर. केदार गेल्यास श्री. ठोसर यांच्या पदरात काय पडते, ते आधी मांडणे रास्त. अमरावतीतले घर, सकाळच्या शिकवण्या आणि सासुरवाडीहून येणारा डबा. श्री. ठोसर यांना मानेचे दुखणे आहे. ते दरवर्षी बदल्यांच्या महिन्यात उद्भवते आणि यादी लागली की उतरते. यंदा घाईत पट्टा उलटा बांधला गेला होता, तरी समितीने तो मान्य केला. केदारचा आजार बदल्यांचे वेळापत्रक पाळत नाही, हा त्याचा पहिला दोष.

२. त्या आजारास डॉक्टर ‘जिस्ट’ म्हणतात. पोटाचा नेहमीचा कर्करोग आतल्या अस्तरातून निघतो. हा जठराच्या भिंतीतून. पोटाच्या शंभर कर्करोगांत एखाददुसरा. गेल्या ऑगस्टमध्ये केदारला रक्ताची उलटी झाली, अकोल्यात सात सेंटिमीटरची गाठ काढली. यावर नेहमीची केमो फारशी चालत नाही. रोज जेवणासोबत एक गोळी, तीन वर्षे. या गोळीने केस सहसा जात नाहीत. उलट डोळ्यांभोवती सूज येऊन माणूस भरल्या अंगाचा दिसतो. डॉक्टरांचे म्हणणे असे की गाठ पुरती निघाली आहे, गोळी चुकली नाही व स्कॅन वेळेवर झाले तर पुढची वर्षे चांगली जातील. पण ती परतू शकते, आणि परतून फुटली तर पोटात रक्त साचते. तेव्हा तास मोजावे लागतात. नेमणुकीच्या गावाहून धारणीपर्यंतच जीप भरली तर निघते, आणि भरेपर्यंत थांबते.

३. दि. २० मे रोजी पडताळणी झाली. समितीत डॉक्टरांची खुर्ची आहे. त्या दिवशी खुर्चीच होती. श्री. ठोसर यांनी एका लग्नातला फोटो जोडला होता, ज्यात केदार गोळाभात वाढून घेत आहे व केस विंचरलेले आहेत. शेरा पडला : “केस शाबूत. प्रकृती धष्टपुष्ट. गंभीर आजार दिसून येत नाही.” बायोप्सीचा अहवाल पाकिटातून बाहेरच निघाला नाही.

४. आपल्या कक्षातील लिपिक डोमाजी हे मनाने चांगले. त्यांनी केदारला जिन्यात गाठून सल्ला दिला : “मास्तर, कॅन्सर म्हनता आन् डोक्यावर कापसाच्या पराटीचं वावर घेऊन फिरता! रिपोर्ट कोन वाचते अठी? साहेबाले डोकं दाखवा. अन् मिशीबी काढा, अर्धं काम नोका करू.” केदार गणिताचा शिक्षक, खोटे बोलताना त्याला घाम येतो. दोन दिवस त्याने टाळले. मग बायकोला फक्त धारणीचे अंतर सांगून तो न्हाव्याकडे गेला.

५. त्याच संध्याकाळी तो वडिलांना भेटण्यास तेल्हाऱ्यास निघाला. अकोल्याच्या स्टँडवर अर्जदाराचे चुलतभाऊ पुंजाराम यांनी त्याला लांबून पाहिले : डोके सफाचट, मिशी गायब, डोळे सुजलेले. आपल्याकडे याचा अर्थ एकच, बाप गेला. अशी गोष्ट पोराला विचारायची नसते, म्हणून त्यांनी विचारले नाही. इतर सर्वांना कळवले. केदार घरी पोचण्याआधी जीप भरून नातलग दारात उतरले. अर्जदाराची बहीण हंबरडा फोडत आत आली आणि म्हणाली, “अवो दादा, तुमी तं जेवून राहिले!” अर्जदाराने हातातली भाकर खाली ठेवली. पुंजाराम म्हणाले, “मंग पोरानं डोकं कावून काढलं?” तेवढ्यात केदार दारात आला. आजाराची गोष्ट नऊ महिने त्याने बापापासून लपवली होती. “अल्सर होता” एवढेच अर्जदारास ठाऊक होते. ती त्याला पंधरा माणसांसमोर, चपला न काढता, सांगावी लागली.

६. दि. ३ जून रोजी केदारने डोके सादर केले. शेरा : “केस गळालेले नसून कापलेले आहेत. समितीची दिशाभूल. धारणी येथे दि. १६ जूनपर्यंत रुजू व्हावे.” म्हणजे केस होते तेव्हा आजार नव्हता आणि केस नाहीत तेव्हाही नाही. किती केसांवर कर्करोग ग्राह्य धरतात ते लेखी कळवावे, तेवढे राखू.

७. सबब विनंती की अहवालाचे पाकीट एकदा उघडावे, खुर्चीवर डॉक्टर बसवावा व बदली रद्द करावी. रुजू होण्यास चार दिवस उरले आहेत.

८. आजवरचा हिशेब असा. श्री. ठोसर यांचा पट्टा उतरला, मान बरी आहे. बहिणीचे रडणे वाया गेले. अर्जदाराने जिवंतपणी आपले सुतक पाहिले आणि पोराचे दुखणे त्याच दारात ऐकले. गाठ सर्जनने घेतली. रोगाने केदारचा एक केसही घेतला नव्हता. ते सगळे समितीने घेतले.

आपला नम्र व अद्याप हयात,
हरिहर त्र्यंबक बारब्दे
दि. १२ जून २०२५

सोबत :
१) बायोप्सी अहवाल (पाकीट मुद्दाम उघडे ठेवले आहे)
२) केदारचे संमतिपत्र
३) अर्जदाराचा हयातीचा दाखला
४) केसांची पुडी, एक