बिनचुन्याचं घर

रायपूर, ५ एप्रिल २०२४

ती. मोठ्या आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तू रागावलीस की मी विषयच बदलते, म्हणून लिहिते. तुमच्या कॅम्प-१ वस्तीतल्या चार गल्ल्यांचे पत्रे आम्ही प्रकल्पवाल्यांनी चुन्याने पांढरे केले, चार तशाच ठेवल्या. दोन्हींकडच्या घरांतली उष्णता मोजल्याशिवाय चुन्याने घर थंड राहतं हे सिद्ध होत नाही. सोडतीत तुमची गल्ली न रंगवायच्यात निघाली, आणि ती चिठ्ठी मीच उचलली. मोठ्या बाबांना दम लागतो हे ठाऊक असूनही ती बदलता येत नाही. जूनपर्यंत कळ काढा. आकडे चांगले आले तर सगळ्या कॅम्पसाठी निधी मागता येईल. पत्र्यांवर चढून-उतरून माझंही अंग मोडलंय.

तुझ्या रागालाही माया समजणारी,
रीना

कॅम्प-१, भिलाई, १९ एप्रिल

चि. रीना हिस अनेक आशीर्वाद.

रागावू नको, पण गल्लीने तुझं ऐकलं नाही. बायका दुपारी समोरच्या गल्लीत पांढऱ्या पत्र्याखाली बसायला जायच्या, त्यांना फरक कळला. भीमजयंतीच्या पोताईसाठी, घरं सफेद करायला, चुना आणलाच होता. भिंती झाल्यावर उरलेल्यात डिंक घालून गल्लीतला सुगत आणि चार जण वर चढले. एका दिवसात गल्ली पांढरी झाली.

आपलंच घर राहिलं. तुझे मोठे बाबा शिडी लावू देत नाहीत. सुगतला म्हणाले, "एक तरी घर राहू द्या, नाही तं पोरगी कायच्यासंग जुळवून पाहीन? भट्टीपुढं तीस वर्सं काढली, मले दोन महिन्यानं काय होते."

शेजारी आनंदच्या घरीसुद्धा जात नाहीत, मोजमाप बिघडेल म्हणतात. ओला टॉवेल छातीवर टाकून पडून असतात. परवा दोनदा उलटी झाली. मी सांगून थकले, आता तूच समजाव.

जिवाला जप.
मोठी आई

रायपूर, २४ एप्रिल

ती. मोठ्या आईस,
जयभीम, वि. वि.

एका घरावरून काहीच ताडून पाहता येत नाही. मोठ्या बाबांनी सोसलं ते फुकट गेलं, आणि ते माझ्यामुळे. उरलेल्या तीन गल्ल्यांनीही आपापले पत्रे रंगवले. आमच्या प्रकल्पाच्या साहेबांनी प्रयोग फसला असं लिहून कॅम्पचे आकडे वगळले. लोकांनी आपणहून रंगवलं, हेच तर आपल्याला हवं होतं.

यातलं काही मोठ्या बाबांना सांगू नको. म्हणावं, रीनाचं मोजून झालं, आकडे छान आले, तुमचं घर फार कामी आलं. आजच त्यांना आनंदकडे हलव. रविवारी सकाळी चुना घेऊन मी येते, पत्र्यावर मीच चढेन.

तुमचीच,
रीना