रस्ता ओलांडून पाहिलेले तीन लॅपटॉप

ती. अक्का,

धाकट्या भावाचा तुला वाकून नमस्कार, आणि भावोजींना दोन, कारण मागच्या पत्रात त्यांना घालायचा राहून गेला होता. त्यांची कंबर आता धरत नसेल अशी आशा आहे. तुझा डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा स्वयंपाकघराची फरशी पांढरी नसून कळकट आहे हे तुला कळलं आणि तू त्याच दिवशी भावोजींना धारेवर धरलंस, असं फोनवर सांगितलं होतंस. ते अजून फरशी घासतायत का, ते कळव. (माझं अक्षर या खेपेला जरा मोठं आलंय. पेन नवीन आहे. त्यावर चर्चा नको.)

आता माझ्या डोक्याला झालेल्या तापाकडे वळतो. तुझ्या भाचीला, म्हणजे आमच्या चिमणीला (एकोणीस वर्षांची झाली, तरी घरात हेच नाव चालतं), लॅपटॉप घ्यायचा आहे. पुढच्या सोमवारी तिचा कोर्स सुरू होतो, त्याच्या आत. घरात लॅपटॉप एकच असणार. सकाळी तिने त्यावर अभ्यास करायचा, दुपारी तुझ्या भावजयीने विजेचं बिल भरायचं आणि तुझ्याशी तोंड दाखवून बोलायचं, आणि संध्याकाळी पुन्हा चिमणीने त्यावर गेम खेळायचे. गेम म्हणजे काय, तर चिलखत घातलेला एक माणूस डोंगरावरून धावत असतो आणि त्याच्या मागे आणखी माणसं धावत असतात. का धावतात ते मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मिळालेलं उत्तर वेगळं होतं.

तर चिमणी म्हणाली, "बाबा, बाकीचं सगळं मी ठरवलंय. स्क्रीन तेवढी तुम्ही निवडा. घरात नजर तुमचीच आहे." अक्का, हे ऐकून मला काय वाटलं ते तुलाच सांगू शकतो. पस्तीस वर्षं मी दुकानांचे बोर्ड रंगवले. लोक फूटपट्टी लावून जी ओळ आखतात ती मी नुसत्या नजरेने ओढली. पण फ्लेक्स छापून मिळायला लागल्यापासून माझ्या नजरेला विचारतो कोण? वर्षाकाठी चार बोर्ड येतात, त्यातही कटकटी. गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांचा केला, तर ओळ शेवटाकडे उतरली अशी त्यांची तक्रार. उतरली नव्हती. त्यांची भिंत वाकडी आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि तरीही पुन्हा रंगवून दिला. (तोही उतरला. भिंत तीच होती ना!) अशा दिवसांत पोरीने विश्वासाने काम सांगितलं, तेव्हा ते चुकवून मला चालणार नव्हतं. तिच्यापुढे तर नाहीच नाही.

गेल्या शनिवारी सकाळी आम्ही तिघं दुकानात गेलो. विक्रेता सभ्य होता, पण बोलायला लागला की थांबत नव्हता. त्याने एकाच मापाचे, पंधरा इंचांचे, तीन लॅपटॉप मांडले. एक फुल एचडी, एक टू-के आणि एक फोर-के. म्हणाला, पहिल्यापेक्षा तिसऱ्यावर चौपट ठिपके, मधल्यावर साधारण पावणेदोन पट. मी म्हटलं, उत्तम, मग ज्यावर जास्त ठिपके तो द्या. तर म्हणतो, नाही, फोर-केवर गेम खेळायला मशीन फार ताकदीचं लागतं, नाहीतर धावणारा माणूस अडखळतो. शिवाय बॅटरी लवकर उतरते आणि पंखा घोंघावतो. मी म्हटलं, मग पहिला द्या. तर म्हणतो, त्यावर गेम छान पळतो, पण अक्षरांच्या कडा तितक्या रेखीव दिसत नाहीत. बरं, मग मधला? तर मधला चांगला, पण तुमचा वापर काय त्यावर आहे! अरे, वापर तर मी तुला पहिल्याच वाक्यात सांगितला होता. आणि कळस ऐक. फोर-केवर अक्षरं इतकी बारीक दिसतात की ती सेटिंगमध्ये जाऊन दुप्पट मोठी करावी लागतात. म्हणजे आधी पैसे मोजून बारीक करायची आणि मग फुकटात मोठी करायची. याला मी तरी काय म्हणू? तुझी भावजय एवढंच म्हणाली, "ठिपक्यांचं काय घेऊन बसलात? अक्का नीट दिसल्या म्हणजे झालं."

मग मी आमच्या धंद्याची रीत काढली. तुला आठवत असेल, आमचे उस्ताद बोर्ड जवळून कधीच पास करायचे नाहीत. रंगवायचा शिडीवर, पण वाचायचा रस्ता ओलांडून. पलीकडून वाचता आला तर तो बोर्ड, नाहीतर नुसता रंग वाया. मी विक्रेत्याला सांगितलं, तिन्ही लॅपटॉप काचेच्या खिडकीत ओळीने लाव, तोंडं रस्त्याकडे, तिन्हींवर तोच डोंगर आणि तोच चिलखतवाला. तो चिमणीकडे बघायला लागला. चिमणी म्हणाली, "लावा हो, ते ऐकणार नाहीत." आणि मी रस्ता ओलांडून समोरच्या लाँड्रीच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो.

तिथून मी हातवारे करून सांगत होतो. मधला जरा वर, तिसरा जरा तिरका, उजेड वाढव. तेवढ्यात एक ट्रक येऊन बरोबर मध्ये उभा राहिला आणि माल उतरवायला लागला. तो हलेपर्यंत लाँड्रीवाल्याने मला आत येऊन बसायला सांगितलं, चौकशी केली, आणि ऐकून घेतल्यावर स्वतः पायरीवर येऊन उभा राहिला. आम्ही दोघं बघतोय म्हटल्यावर आणखी चौघं थांबले. त्यांना वाटलं, समोर काहीतरी स्वस्तात लावलंय. एका बाईंनी मला टोकन कुठे मिळतं असंही विचारलं. ट्रक गेला आणि मी डोळे बारीक करून नीट बघितलं. अक्का, तिन्ही सारखे! एका रेषेचा फरक नाही. तोच डोंगर, तोच धुरळा. लाँड्रीवालाही म्हणाला, "काका, मला तर एकच लॅपटॉप तीनदा ठेवल्यासारखा वाटतोय." त्याचा धंदा डाग शोधण्याचा, म्हणून मी त्याचा शब्द प्रमाण मानला.

परत येऊन मी विक्रेत्याला चांगलं सुनावलं. चौपट ठिपके ही चौपट थाप आहे, असं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, लॅपटॉप दीड फुटावरून बघतात हो." ठीक आहे, म्हटलं, दीड फूट तर दीड फूट. खुर्ची ओढून तिन्हींसमोर बसलो. तरी तिन्ही सारखे! उलट एक नवीन लबाडी सापडली. तिन्ही स्क्रीन पिवळट होत्या. पांढरं पान उघडायला लावलं, तर तेही पिवळट. मी म्हटलं, जुना माल पुसून विकता काय? त्यावर विक्रेत्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने आणखी एकाला, आणि तिघांनीही पान पांढरंशुभ्र आहे असं एका सुरात सांगितलं. एका मालकाचे नोकर, दुसरं काय सांगणार? तेवढ्यात चिमणीने फोर-केवर काहीतरी टाइप केलं आणि मला वाचायला सांगितलं. मी म्हटलं, दुकानातले दिवे डोळ्यांवर येतायत, प्रत्येकाभोवती रिंगण दिसतंय, अशा उजेडात कोण वाचणार? तिने टाइप केलेलं पुसून टाकलं आणि माझ्याकडे बघत राहिली. ही पोरगी असं बघते तेव्हा मला धास्ती वाटते.

शेवटी आम्ही काहीही न घेता घरी आलो. आता घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. म्हणजे बोलतात, पण फार गोड बोलतात, आणि ते जास्त त्रासाचं आहे. काल जेवताना तुझ्या भावजयीने मीठ माझ्या हाताला लागेल असं सरकवून ठेवलं. मी काय आजारी आहे? कोर्स सोमवारवर आलाय, विक्रेता रोज फोन करून विचारतो, आणि निवड अजून माझ्याच गळ्यात आहे. तू दोन शब्द लिहून चिमणीला समजाव की तिन्ही स्क्रीन सारख्या असतील तर सगळ्यात साधी घ्यावी, आणि बापाच्या नजरेवर भरवसा ठेवावा. भावोजींना पुन्हा नमस्कार. फरशी घासताना त्यांनी वाकू नये, बसून घासावी.

तुझा,
भाऊ

ता. क. तुझा डोळा ज्यांनी केला त्या डॉक्टरांचं नाव आणि त्यांची वेळ कळव. मला नकोत, एका ओळखीच्या पेंटरला हवीत.

ता. क. २. अक्का, तुझ्याशी खोटं बोलून कधी पचलंय मला? पेंटर मीच. त्या दातांच्या डॉक्टरांची भिंत सरळ आहे. मी ओळंबा लावून बघितला. ओळच उतरली होती, आणि दोन्ही वेळा मला ती सरळ दिसली. मला भीती वाटते. बोर्ड गेले तर गेले, पण पोरीने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काही सोपवलं आणि मला ते दिसलंच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तू बरोबर ये. घरात यातलं कुणाला काही कळू देऊ नकोस, चिमणीला तर अजिबात नाही.

ता. क. ३. पाकिटावरचा पत्ता चिमणीकडून लिहून घ्यावा लागला, रकाना फार लहान होता. पाकीट तिच्याकडून परत घेतलं, तर मागच्या बाजूला तिने आणखी काहीतरी बारीक लिहिलेलं आहे. मी विचारलं तर म्हणाली, "ते आत्यासाठी आहे, तुम्ही नका बघू." मी खिडकीत नेऊन बघितलं, भिंग लावून बघितलं, एक अक्षर लागत नाही. तू वाच आणि काय आहे ते मला मोठ्या अक्षरात कळव.